उसवून बांधलेला बस्ता

अनुक्रमणिकेत 'फॅशन' वाचून तुम्ही हे पान उघडलं असेल, तर आधी फोटो शोधाल. नाय सापडणार. संपादकांनी माझा फोटो मागितला होता, मी पाठवला बी होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "उमेश, लेख थोडा मोठा करा. फोटोची जागा रिकामी राहतेय." समजायचं ते मी समजलो.

दुसरी गोष्ट. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारा म्हणलं की तुमच्या डोळ्यांसमोर पिकलेल्या मिशा येतात, गळ्यात टेप, अन् "एवढी वर्षं ह्या हातांनी" अशी सुरुवात. तर मी सत्तावीसचा आहे, मिशी अजून विचार करतीय, अन् ह्या हातांना साधी सरळ टीप मारता येत नाय. टेलरच्या दुकानात काम करून शिवता न येणारा मी जिल्ह्यात एकटाच असेन. मी शिवत नाय. मी उसवतो.

हसा. माझी आई बी हसली होती. "जन्मल्यापासून तेच करतोस, आता पगार बी मिळतो व्हय," म्हणाली.

छावणीच्या बाजारात शाहीन आपाचं दुकान आहे. आपा, दोन शिवणाऱ्या ताया अन् मी, एवढाच कारभार. आमच्याकडं नवा कपडा शिवून मिळत नाय. वडलांची सफारी आणा, त्याचं जाकीट होईल. आईचा शालू आणा, पोरीचा घागरा होईल. तुम्हाला नको झालेला कोट आणा, दुसऱ्या कुणाच्या लग्नात तो भाड्यानं जाईल. कपडा कपाटात मरायला नको, अंगावर फिरत राहायला पाहिजे, एवढाच धंदा. कॉलेजातली पोरं येतात, ती ह्याला सर्क्युलर फॅशन म्हणतात. म्हणू द्या, बिलात तेवढंच बरं दिसतं.

आता उसवणं म्हणजे नुसतं फाडणं असं वाटत असेल तर एखादी शिवण उसवून बघा. अर्धं ब्लेड बोटात धरायचं, टाक्याखाली घालायचं, दोरा कापायचा पण कापडाला कळू द्यायचं नाय. जुन्या टेलरांनी शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं. ते बाहेर काढलं की कपडा मोठा होतो. वर रंग उडालेला असतो अन् आत ते कापड पहिल्या दिवसासारखं कोरं. मला लई मजा वाटते ते बघताना. माणूस बाहेरून किती बी विटला तरी आत थोडा नवा असतो, असं काहीतरी मी एकदा आपाला म्हणालो होतो. आपा म्हणाली, "हौ, अब काज-बटन निकाल."

आलेला प्रत्येक कपडा आधी माझ्या हाताखालून जातो. मी तीन ढीग करतो. एक, आहे तसा चालणारा. दोन, उसवून नवं काही करता येईल असा. तीन, विरलेला, घडीवर फाटणारा. त्या तिसऱ्यातलं जे मऊ सुती असेल ते दुसऱ्या कपड्यांच्या आत अस्तर म्हणून जातं, बाकीचं गोधडीला. आपाचे नियम दोनच. कुठल्याच साडीचा काठ टाकायचा नाय, नव्या कपड्याच्या आतल्या बाजूला त्याची एक पट्टी लावायची, म्हणजे हे आधी काय होतं ते कळतं. अन् दुसरा, "कैंची लगाने से पहले पूछना, किसका है."

पहिला नियम मी कधी मोडला नाय.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. एक गृहस्थ मुलाची गुडघ्यावर फाटलेली जीन्स घेऊन आले. गुपचूप. "रफू करून द्या, लाज वाटते हो, चार लोकांत नेता येत नाय पोराला." आमच्या तायांनी असा रफू केला की फाटलं होतं हे त्या जीन्सला बी आठवू नये. आठ दिवसांनी पोरगा तीच जीन्स घेऊन आला. "दादा, माझ्या पप्पांनी कुण्या येड्याकडून ही शिवून आणलीय. जशी होती तशी फाडून द्या." मी उसवली. पुढच्या महिन्यात पप्पा परत. बापलेक एकमेकांशी बोलायचे नायत, पण दोघं बी माझ्याशी भरभरून बोलायचे. शेवटी मी पप्पांना पोराच्या आवाजात अन् पोराला पप्पांच्या आवाजात निरोप सांगितले, तेव्हा दोघांनी मिळून एक तोडगा काढला. एक गुडघा रफू, एक गुडघा उघडा. अजून वापरतो तो.

तर हे आवाजाचं. माझं गाव दौलताबादच्या अलीकडं, शाळा तिथलीच. शाळेत मला गणित आलं नाय, पण गणिताचे सर आले. त्यांचं खाकरणं, खडू झटकणं, "अरे दगडा" म्हणताना डावा खांदा उडवणं, सगळं पाठ. माणूस दोन मिनिटं समोर उभा राहिला की तो माझ्या गळ्यात उतरतो, मी काय करू? दुकानात गिऱ्हाईक गेलं की मी ते परत आणतो. आपा मशीन थांबवून हसते अन् मग म्हणते, "तेरे हाथ में भी ब्लेड, मुँह में भी ब्लेड. किसी दिन कटेगा."

कटायचा दिवस आणला पल्लवीनं.

पल्लवी बजाजनगरची. कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार. अशी मुलगी गिऱ्हाईक म्हणून आली की आमच्या ताया मशीनमागं लपतात. ती आईला अन् चुलतभावाला घेऊन आली अन् म्हणाली, "दादा, मला बस्ता बांधायचाय. पण एक बी कपडा नवा घ्यायचा नाय."

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो. बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी. पण खरेदी म्हणलं की तुम्हाला दोघंतिघं दिसतील. बस्त्याला दोन्हीकडचं अख्खं गाव जातं. नवरा-नवरीचे कपडे झालेच, शिवाय आत्या, मावश्या, काकू, माम्या, करवल्या, सगळ्यांच्या मानाच्या साड्या एका बैठकीत घ्यायच्या. दुकानदार गादीवर साड्यांचा डोंगर करतो, चहा येतो, कुणीतरी रुसतं, त्याला समजावता समजावता दुसरं रुसतं, अन् मग बस्ता बांधला जातो. कुणी रुसल्याशिवाय बांधलेला बस्ता मी अजून पाहिला नाय.

"ताईच्या लग्नात एवढा मोठा बस्ता झाला," पल्लवी म्हणाली. "परवा मी सगळ्या मावश्यांच्या घरी जाऊन विचारलं, त्या साड्यांचं काय केलं? एकीनं बी फॉल लावला नव्हता, दादा. कपाटात तशाच, प्लास्टिकमध्ये. म्हणतात, मानाची हाय, कुणाला तरी द्यायला होईल. मग मान कुणाचा झाला, कपाटाचा?"

तिचं गणित सोपं होतं. दोन्ही घरच्या पेट्या अन् कपाटं रिकामी करायची. न नेसलेलं, एकदा नेसलेलं, कुणाला न झालेलं, सगळं आमच्याकडं आणायचं. आम्ही त्यातून प्रत्येकीला ती खरंच घालेल असं काहीतरी करून द्यायचं. मावशीला झंपर, मामीला जाकीट, करवल्यांना कुडते. लग्न बौद्ध पद्धतीचं, म्हणून नवरीला पांढरी साडी लागते. तिला ती आईचीच नेसायची होती, फक्त वरचं झंपर नवं करायचं.

आपा तर खूश झाली. पल्लवीची आई, म्हणजे काकू, मात्र पदराच्या टोकाला गाठी मारत बसली होती. "माझं काय नाय ओ," ती म्हणाली. "पण गयाआत्या व्हय म्हणल्या तर. नाय तर सरळ गुलमंडीचा कापडबाजार गाठायचा अन् सगळं नवं घ्यायचं. सोयरीक मोडायची नाय मला चिंध्यांपायी."

गयाआत्या म्हणजे नवऱ्या मुलाची, सूरजची आत्या. सूरजची आई तो लहान असताना गेली. आत्यानंच वाढवला त्याला, दौलताबादच्या किल्ल्याखाली, पेरूच्या बागेत मजुरी करून. म्हणजे लग्नात वरमाय म्हणून तीच उभी राहणार, अन् तिचा शब्द शेवटचा. साखरपुड्यात कुणीतरी हा जुन्या कपड्यांचा विषय काढला तर आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "बस्ता म्हंजे बस्ता. जुनंपानं मला सांगायचं नाय."

पल्लवीनं मोबाईलवर तो साखरपुड्याचा व्हिडिओ दाखवला. मी तो दोनदा पाहिला अन् आत्या माझ्या गळ्यात उतरली. बोलायच्या आधी जीभ टाळूला लावून "च्च". मग एक डोळा बारीक. मग वाक्य. अन् वाक्य संपलं की समोरच्याच्या गुडघ्यावर थाप. मी डोक्यावर अस्तराचं कापड घेतलं अन् म्हणलं, "च्च. मग काय गं पोरी, लोकाचं उतरलेलं नेसून येती व्हय माझ्या दारात?" अन् काकूच्या गुडघ्यावर थाप मारली. काकू दचकून उभी राहिली.

पल्लवी हसली नाय. खुर्ची ओढून माझ्या समोर बसली. "दादा, परत म्हणा. मला तालीम करायचीय. आत्यासमोर माझी बोलतीच बंद होते."

मग झाली तालीम. मी आत्या, ती ती. मी एकेक टोमणा मारायचो, ती उत्तर शोधायची. तिचा चुलतभाऊ मोबाईलवर ते सगळं उतरवत होता. पहिल्यांदा तिनं पाणी किती वाया जातं, कापसाला काय काय लागतं, असलं सांगितलं. मी आत्या म्हणून सरळ जांभई दिली. मग ती चिडली. चिडल्यावर मात्र नीट बोलली. "उतरलेलं नाय आत्या, ठेवलेलं. तुमच्या पेटीत बी एक असंल. नेसवत नाय अन् टाकवत नाय असं. कुणाला दाखवत बी नसाल तुम्ही. ते मला द्या. मी घालते."

माझ्या गळ्यातली आत्या हरली. नक्कल हरायची ही माझी पहिलीच वेळ. मी नुसती तिच्या गुडघ्यावर थाप मारली अन् चहा सांगितला.

आत्याला काय ते बस्त्याच्या दिवशीच दाखवायचं ठरलं, अन् दोन्ही घरांतून कपडे यायला लागले. डांबरगोळ्यांच्या वासानं दुकानात मांजर येईना. मी उसवतोय, आपा मापं घेतीय, ताया शिवतायत, असं चाललं. एक दिवस सूरज मोटारसायकलवर आला, एक पिशवी काउंटरवर टाकली, "हे पण घ्या," म्हणाला अन् कंपनीची पाळी होती म्हणून निघून बी गेला.

पिशवीत दोनचार साड्या अन् खाली एक पांढरं नऊवारी लुगडं. सुती. जुनेपणानं दुधाच्या सायीसारखं मऊ झालेलं. बारीक निळा काठ, तो बी निम्मा उडालेला. घडीवर विरलं होतं. मी शेतकऱ्याच्या घरचा पोरगा. आमच्या आळीत पांढरं लुगडं कोण नेसायचं हे मला माहीत होतं. म्हणलं, असंल कुण्या गेलेल्या म्हातारीचं. अन् असलं मऊ अस्तर बाजारात मिळत नाय. टाकलं तिसऱ्या ढिगात.

आपानं विचारलं होतं. खोटं कशाला बोलू. "पूछा, किसका है?"

मी काय केलं? सूरजची नक्कल केली. हेल्मेटची काच वर करून, पायानं गाडी सावरत, "हे पण घ्या." आपा इतकी हसली की तिच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. त्या वेचण्यात विषय गेला. अन् मी कात्री लावली.

नवरीच्या पांढऱ्या झंपराला पहिलं अस्तर त्याचंच लावलं, सगळ्यात मऊ म्हणून. मग मावश्या, माम्या, करवल्या, एकेकीच्या कपड्याला आतून ते जात गेलं. नियमाप्रमाणं प्रत्येकात निळ्या काठाची एक पट्टी. सगळ्यात शेवटी आत्याच्या मापाचं झंपर आलं तोवर लुगडं संपलं होतं. त्याला बाजारातलं अस्तर लावलं. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाय.

रविवारी बस्ता. पल्लवीच्या घरी, बजाजनगरला. बाहेरच्या खोलीत गाद्या टाकल्या, वर पांढरी चादर, अन् आमच्या दुकानाचा सगळा माल घड्या करून मांडला. आपा गादीच्या टोकाला, मी तिच्या मागं कपडे द्यायला. दोन्हीकडची माणसं दाटीवाटीनं बसली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न, अन् तो प्रश्न रिक्षातून उतरून आला. गयाआत्या. व्हिडिओत दिसते त्याहून बुटकी. निळं लुगडं, हातात काठी, अन् पायात सूरजचे जुने बूट.

पाणी घेतलं. बसली. "च्च," म्हणाली. मी आपला दोन आठवडे तिची भूमिका करत होतो, अन् आता मूळ कलाकार समोर.

मग तिनं एकेक कपडा उचलायला सुरुवात केली. बघायची, बाजूला ठेवायची. बोलायची नाय. कौतुक नाय, नाव ठेवणं नाय. पल्लवी पाठ केलेलं उत्तर ओठांत घोळवत होती, पण आत्या प्रश्नच विचारीना. काकू सारखी घड्याळाकडं बघत होती, गुलमंडी किती वाजता बंद होते त्याचा हिशेब करत असावी. आत्या ढिगाच्या तळाशी गेली. चादर वर करून तिच्याखाली बी पाहिलं.

"झालं? एवढंच?"

"हो आत्या," पल्लवी म्हणाली.

आत्यानं काठी उचलली. "ऊठ सूरज."

सूरज हेल्मेट घेऊन उठला बी अर्धा. काकूनं पदर तोंडाला लावला. पल्लवीचा आवाज एवढासा झाला, "आत्या, आवडलं नाय का?"

"आवडायचं कोण इचारतंय? माझं लुगडं कुठंय?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "कोणतं लुगडं?" सूरजनं विचारलं.

"पिवशीत खाली घालून दिलं व्हतं ते. पांढरं."

सूरजनं माझ्याकडं पाहिलं. आपानं बी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आपा हसत नव्हती.

आत्या परत खाली बसली. तिचं वय झालंय, उठबस करताना वेळ लागतो. "माझ्या लग्नाचं हाय ते," ती पल्लवीला म्हणाली. "धम्म घेतल्यावर आमच्या गावात पांढरं नेसून मांडवात उभी राहिलेली मी पयली. पान्याला आलेल्या बाया थांबल्या बघायला. लांबूनच. म्हणल्या, लगीन लागायच्या आधीच कपाळ पांढरं केलं व्हय पोरीचं. माझी माय रडाया लागली. म्या नाय रडले. नेसूनच जेवले, नेसूनच गाडीत बसले. तवापासून पेटीत हाय. सुनंला द्यावं तर सून कुठली, पोर कुठलं मला. हा सूरज तेवढा."

मग ती माझ्याकडं वळली. डोळा बारीक. "अन् तू तोच ना? छावणीचा? माझी नक्कल करनारा?"

मी मान हलवली.

"आमच्या शेजारच्या पोरायनी दाखवलं मला मोबाईलात, फिरत फिरत आलेलं. म्या म्हणलं, बया, ही तर मीच. ही पोरगी तुला म्हणाली, पेटीतलं एक मला द्या, म्हणून तर धाडलं लुगडं. तुला दिलेलं उत्तर मला लागलं." तिनं काठी माझ्याकडं रोखली. "कर की आता. गप का?"

वाचकहो, मला त्या वेळी स्वतःच्या आवाजात एक अक्षर फुटलं नसतं. पांढरं दिसलं अन् मी बी त्या पाणवठ्यावरच्या बायांसारखाच विचार केला होता, फक्त इतक्या वर्षांनी, अन् हातात कात्री घेऊन. हे माझ्या तोंडून कसं निघणार? मग मी एक फडकं डोक्यावर घेतलं अन् आत्यासमोर आत्यासारखा बसलो.

"च्च. काय सांगू बाई. हौसंनं धाडलं म्या लुगडं. अन् ह्या छावणीच्या मुडद्यानं काय केलं? पांढरं दिसलं, म्हणला असंल कुन्या म्हातारीचं. इचारलं नाय, पुसलं नाय. समोर आपा इचारीत व्हती, तर तिला हसवीत बसला. अन् कातरलं माझं लुगडं. तुकडे केले. समद्यायच्या कपड्याला आतून अस्तरं लावली त्याची."

वाक्य संपलं अन् सवयीनं हात उचलला. थाप पडली. समोर आत्याच बसली होती, म्हणून तिच्याच गुडघ्यावर.

आत्या माझ्या हाताकडं बघत होती. मला तो हात काढून घ्यायचं बी सुचेना.

"आतून म्हंजे?" ती म्हणाली.

पल्लवी उठली. तिचं पांढरं झंपर घेतलं, सरळ उलटं केलं अन् आत्याच्या मांडीवर ठेवलं. आतली बाजू वर. पाठीच्या मधोमध निळी पट्टी. आत्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला, परत फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला. मग हात पुढं केला. मी मावशीचं झंपर उलटं करून दिलं. मग मामीचं जाकीट. मग करवल्यांचे कुडते. सगळा बस्ता उलटा झाला. गादीभर नुसतं पांढरं, अन् जिथं तिथं निळी रेघ.

आत्यानं काठी खाली ठेवली. मग कुणाकडं न बघता म्हणाली, "म्या एकीला धाडलं व्हतं. हे तर समद्या मांडवात गेलं की." मग पल्लवीच्या हाताला धरून तिला खाली बसवलं. "तवा बायायनी लांबून बघितलं. आता अंगाला तरी लागंल. बांधा बस्ता."

काकूला तेव्हा रडू फुटलं. सूरजनं हेल्मेट कोपऱ्यात ठेवलं. अन् दुसऱ्याच मिनिटाला पल्लवीची धाकटी मामी रुसली. तिच्या जाकिटातली निळी पट्टी बाकीच्यांपेक्षा बारीक होती म्हणे. "मलाच कशी बारीक? मी काय लांबची का?" बस्ता रीतसर पार पडला.

परतताना आपानं रिक्षा केली. छावणी आल्यावर उतरली, पैसे दिले अन् म्हणाली, "अब से तू हँसाएगा बाद में. पूछेगा पहले." एवढंच. मला दोन तासांचं भाषण परवडलं असतं.

त्यानंतर आमच्याकडं असे बस्ते यायला लागले. पल्लवीच्या कंपनीतल्या दोन मैत्रिणी आल्या, मग दौलताबादकडचं एक शेतकऱ्याचं घर आलं, मग पडेगावचं एक निकाहचं जोडपं आलं, त्यांनी आजोबांच्या शेरवानीतून नवरदेवाची सदरी करून नेली. सगळेच येतात असं नाय. निम्मे लोक बघून जातात अन् नवंच घेतात. पण पहिल्यांदा आलेल्या बाया खालच्या आवाजात विचारायच्या, "कुणाला कळणार तर नाय ना?" आता त्याच विचारतात, "पट्टी आतून लावता, ती बाहेरून लावता येईल का?" एवढ्या थोड्या काळात आतलं बाहेर आलं, हे मला बरं वाटतं.

अन् मी विचारतो. प्रत्येक कपड्याला विचारतो, कुणाचं, कधीचं, कुणी घेतलं. लोक सांगत बसतात, काम मागं पडतं, आपा ओरडते. तरी विचारतो. एकच राहून गेलं. ते लुगडं अख्खं, नेसलेलं कसं दिसायचं, हे आता कुणालाच बघता येणार नाय. आत्याच्या लग्नात फोटो काढणारा कुणी नव्हता. तेवढं माझ्या कात्रीनं गेलं.

बस्ता झाला तरी लग्न सांगायचं राहिलंच. लग्न चांगलं झालं. पल्लवी आईच्या साडीत अन् आत्याच्या अस्तरात अशी उभी होती की माल तपासणाऱ्या तिच्या साहेबांनी बी काही खोट काढली नाय. मी जेवणाच्या मांडवात दुसऱ्यांदा भात घेत होतो, तेवढ्यात एका पोरानं येऊन सांगितलं, "तुम्हाला आत्या बोलवतीय." मला वाटलं आशीर्वाद असंल, हात धुऊन गेलो.

आत्या खुर्चीत बसली होती, वरमायच्या थाटात, अन् झंपराची बाही उलटी करून बघत होती.

"च्च. इकडं ये. हे काय हाय?"

"अस्तर आत्या."

"कशाचं?"

"दुकानातलं. बाजारचं."

"माझी पट्टी कुठंय?"

मी बाही सरळ करायला गेलो, तिनं माझा हात बाजूला सारला.

"मावशीला माझं लुगडं. मामीला माझं लुगडं. ज्या करवलीला मी वळखत बी नाय तिला माझं लुगडं. समद्या मांडवाच्या अंगाला लागलंय ते सकाळपसून, अन् मला हे बाजारचं काचतंय. व्हय रे, लुगडं कुणाचं व्हतं?"

"तुमचं आत्या."

"मंग? उद्या येते दुकानात. त्या धाकल्या मामीचं जाकीट आणते, तिला तशी बी ती पट्टी बारीकच वाटती. ते उसव अन् माझ्या झंपराला लाव." थाप पडली, ह्या वेळी माझ्या गुडघ्यावर, अन् जोरात. "अन् मुडद्या, तिला इचारून उसव."